लाल पाठीच्या नऊ जणी

त्या वर्षी पाऊस मार्चमध्येच आटोपला. एप्रिल लागला तेव्हा पाणथळ कुरणाच्या कडा पिवळ्या पडू लागल्या होत्या, आणि आमच्याकडचा हिवाळा, जून-जुलैची गोठवणारी थंडी, अजून पुढंच होती. मी तेव्हा पशुसंवर्धनाच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या संस्थेचा नियम असा, की तीन महिने डोंगरावरच्या एखाद्या घरी राहून जनावरांत काम करायचं, घरच्या माणसाचा कागदावर अंगठा घ्यायचा आणि तपासायला येणाऱ्या संस्थेच्या इंजिनिअर साहेबांकडून गुण घ्यायचे. वीसपैकी तेरा मिळाले तर पदविका, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तीन महिने. माझ्या वाट्याला चुयुपाम्पा गावची बासिलिया कायो आली.

वर्गातल्या बाकीच्यांची मला कीव येत होती. निम्म्या जणांना डोंगरातल्या केचुआ भाषेचा गंध नव्हता. ते डोंगरावर जाऊन मुक्यासारखे हातवारे करणार होते. माझी आई खाली हुलियाका शहराच्या बाजारात चीज विकायची. घरात तिची केचुआ, शाळेत स्पॅनिश, त्यामुळे मी दोन्ही भाषांत भांडू शकत होते. ह्या गोष्टीचा मला भारी तोरा होता. भाषा येते म्हणजे बोलणं झालंच, असं मी धरून चालले होते.

वर जाणारा ट्रक आठवड्यातून एकदा, गुरुवारी. मी उतरले तेव्हा बासिलिया कायो वाटेवर उभी होती. ठेंगणी, रुंद खांद्यांची, पन्नाशी उलटलेली बाई. तिनं माझ्या तोंडाकडं न बघता पायाकडं बघितलं.

"हे बूट कुनाच्या लग्नाचं, सेन्योरिता?"

"संस्थेनं सांगितलेत घ्यायला."

"संस्थेला पाय न्हाईत वाटतं," ती म्हणाली, आणि घरात गेल्यागेल्या तिनं मला टायरच्या चपला काढून दिल्या. पाण्यात उभं राहायचं तर बूट भिजून दिवसभर ओले राहतात, चपलेतलं पाऊल निदान वाळतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तिचा नवरा सातुर्निनो दोन वर्षांपूर्वी खेचरावरून पडला होता. खुब्यातून अधू झाला तो झालाच. दिवसभर दारात बसून लामा जनावराच्या केसांचे दोर वळायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचा. "खुबा मोडला, जीभ शाबूत ऱ्हायली," मावशी म्हणायची; बासिलियाला मी मावशीच म्हणू लागले होते. दोन्ही मुलं लिमाला. लोकरीसाठी पाळलेल्या त्र्याऐंशी अल्पाका, एक खेचर आणि एक कुत्रा, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर.

सकाळी उठून पहिलं काम पाण्याचं. वरच्या झऱ्याचा पाट रात्रीत गोठायचा. पहारीनं बर्फ फोडायचा आणि खुरप्यानं लहान लहान चर काढून पाणी कुरणाच्या सुकत चाललेल्या भागाकडं वळवायचं. आज ह्या चराला, उद्या त्या चराला. घोटाभर पाण्यात तास-दोन तास उभं राहिलं की पाय आपले आहेत की दुसऱ्याचे ते कळत नसे. मग शेण गोळा करून वाळत घालायचं, मग कळप सोडायचा. पहिल्या आठवड्यात माझ्या टाचा फुटल्या, ओठ फुटले, दोनदा नाकातून रक्त आलं. मावशीनं टाचांच्या भेगांत चरबी भरली. वर्गात मी अल्पाकाच्या पोटाचे कप्पे पाठ केले होते. इथं मला कळप ओढ्यापार नेता येत नव्हता.

"तुला बघून त्या हसत्यात," मावशी म्हणाली.

"अल्पाका हसत नाहीत मावशी."

"तुझ्या पुस्तकातल्या हसत नसतील."

मे महिन्यात गावच्या कमिटीचा अध्यक्ष फाउस्तो लायमे मोटरसायकलवरून आला. गवत पुरणार नाही, तेव्हा थंडी वाढायच्या आत प्रत्येक घरानं आपली सगळ्यांत कमी दमाची जनावरं कमी करायची, असं गावानं ठरवलं होतं. खाटकाचा ट्रक महिन्याच्या शेवटी येणार होता. बासिलियाच्या वाट्याला नऊ. कोणत्या नऊ ते प्रॅक्टिकलला आलेल्या मुलीनं ठरवावं, असं इंजिनिअर तेहादा साहेबांचं सांगणं होतं. मला आभाळ ठेंगणं झालं. एवढे दिवस मी शेणात हात घालत होते, आता खरं शिकलेलं काम आलं.

तीन दिवस लागले. मावशी एकेकीच्या मानेला मिठी मारून धरायची. मी जबडा उघडून दात बघायची, लोकर बोटांनी दुभागून मुळाशी बघायची, वहीत लिहायची. माझ्या तोंडावर हिरवी थुंकी किती वेळा बसली ते मोजायचं मी सोडून दिलं. गिरणीला पांढरी लोकर हवी असते. त्यामुळे तपकिरी, राखाडी, ठिपक्यांच्या, त्यात पुन्हा दात झिजलेल्या आणि पोट लोंबलेल्या म्हाताऱ्या, अशा नऊ मी काढल्या. त्यातली चास्का नावाची राखाडी सगळ्यांत म्हातारी. तिला खालच्या जबड्यात दोनच दात उरले होते.

संस्थेतून मी लाल रंगाचा डबा आणला होता. काढून टाकायच्या जनावराला लाल, हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. मी ब्रश बुडवला आणि चास्काच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत पट्टा ओढला.

मावशी थबकली. "लाल लावतीस?"

"व्हय."

"चास्काला?"

"हीच ती, मावशी. ह्या नऊच."

ती माझ्याकडं बघत राहिली. "मला वाटलं, तू बी पांढऱ्याच निवडशील. शहरातनं येतो त्यो पांढऱ्याच बघतो."

"मी दात बघितले, वय बघितलं. घाई न्हाई केली."

"किती पोरं पोटात धरली ते बी बघितलंस?"

"ते दिसतंच की. पोटच सांगतंय."

मावशीचे डोळे भरून आले. ती घरात गेली आणि कोकाची पानं घेऊन आली. तीन-तीन पानं जुळवून प्रत्येकीच्या कपाळाशी धरली, फुंकर घातली, काहीतरी पुटपुटली. नवव्या जनावरापर्यंत मी डबा धरून उभी होते. मला वाटलं, ही बाई केवढ्या मनाची, आपल्या जनावरांचा निरोप किती शहाणपणानं घेते. संध्याकाळी मी वहीत लिहिलं, 'घरमालकिणीला निवड मान्य आहे.' आणि त्या रात्री मावशीनं माझ्या सुपात मांसाचा मोठा तुकडा घातला.

महिन्याच्या शेवटी संस्थेत हजेरी होती. निघताना मी मावशीला म्हटलं, "मी नसताना ट्रक आला तर नऊ द्या. खुणा केल्याच हायत."

"बघितल्यात की."

"खुणा बघूनच द्या."

"खुणा बघूनच दीन गं. मी काय आंधळी हाय?"

पुढच्या गुरुवारी मी परत आले. ट्रकमधून उतरतानाच मला लांबवर कुरणात लाल पाठी दिसल्या. मोजल्या. नऊ होत्या.

मावशी अंगणात चुनो तुडवत होती. रात्री बटाटे उघड्यावर पसरून गोठवायचे, सकाळी ऊन लागलं की अनवाणी पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढायचं. तिचे पाय घोट्यापर्यंत लाल झाले होते आणि बोटांमधून फेस येत होता.

"मावशी, खाटकाचा ट्रक आला न्हाई?"

"आला की. सोमवारी. नऊ घेऊन गेला."

"कुठल्या नऊ?"

"कुठल्या म्हंजे? लाल नसलेल्या." ती तुडवतच होती. "माझ्या हातानं निवडवंना. म्हनलं, बाबा, लाल सोडून कुठल्या बी घे. त्यानं पांढऱ्या घेतल्या. तरन्या. त्यास्नी काय, वजन पायजे."

त्या नऊपैकी चार पहिल्याच वेळच्या गाभण होत्या. ते मीच वहीत लिहून ठेवलं होतं, आणि पुढं लिहिलं होतं, 'कळपाचं भविष्य.'

"मावशी, लाल म्हंजे जायच्या. लाल म्हंजे काढून टाकायच्या."

तिचे पाय थांबले. एक पाऊल बटाट्यांत, एक बाहेर.

"लाल तर ठेवायच्या जनावराला लावत्यात," ती म्हणाली. "कार्निव्हलाला आमी लाल माती कालवून पाठीवर लावतो. घर ज्यांच्या जिवावर उभं, त्यास्नी. ते काय इकायला लावतो?" मग आवाज खाली आणून, "मला वाटलं, एवढी शिकलेली पोर, पन हिला म्हाताऱ्या चास्काची किंमत कळली. म्हनून पांढऱ्या देताना मी रडले न्हाई."

"मला वाटलं, तुमाला ठाव असंल."

"मला बी वाटलं, तुला ठाव असंल."

दारातून सातुर्निनो म्हणाला, "मला कुनी इचारलं असतं तर मला बी कायतरी वाटलं असतं." कुणी हसलं नाही. मावशी पुन्हा तुडवू लागली. बटाटे ऊन चढायच्या आत संपवायचे होते. मी चपला काढल्या आणि तिच्या शेजारी उभी राहून तुडवू लागले. गोठलेला बटाटा तळपायाला आधी काचेसारखा लागतो आणि मग एकदम भसकन फुटतो.

तेहादा साहेब जूनच्या मध्याला आले. ते समुद्रकाठचे. दर वेळी वर आले की त्यांचं डोकं दुखायचं, आणि कपाळ दाबत दाबत ते काम उरकायचे. माणूस वाईट नव्हता. केचुआचा एक शब्द त्यांना येत नव्हता, एवढंच. त्यांनी कुरणाकडं बघितलं, माझ्या वहीकडं बघितलं, पुन्हा कुरणाकडं बघितलं.

"नेलिदा, ह्या इथं कशा?"

मी सांगू लागले आणि माझी जीभ अडखळली. त्यांनी हात वर केला. "थांब. नियमाप्रमाणे मी घरमालकिणीला विचारतो. तू भाषांतर कर. शब्दाला शब्द."

आता ह्या जागी कुणीही दुसरं माणूस उभं केलं असतं तर बरं झालं असतं. पण तिथं दोन्ही भाषा येणारी मी एकटीच. मावशी दगडावर बसली होती, साहेब गाडीला टेकून उभे होते आणि मध्ये मी. पालिकेच्या जनावरांच्या दवाखान्यात एक जागा होती, पदविका घेऊन ऑगस्टात ये म्हणाले होते. आईनं बाजारात सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

"बाईंना विचार, लाल खुणेचा अर्थ विद्यार्थिनीनं त्यांना समजावला होता का?"

मी विचारलं. मावशीनं शांतपणे उत्तर दिलं. "सांग त्यास्नी. पोरगी कष्टाची हाय. पानी वळवाया शिकली. पन लालचा अर्थ तिनं सांगितला न्हाई आन मी इचारला न्हाई. चूक दोघींची."

मी साहेबांकडं वळले. माझ्या तोंडून स्पॅनिश इतकी सरळ आणि स्वच्छ निघाली की मला स्वतःलाच नवल वाटलं. "त्या म्हणतात, मुलगी कष्टाळू आहे. लाल खुणेचा अर्थ तिनं सांगितला होता. पण त्या विसरल्या."

स्पॅनिशमध्ये 'विसरली'ला म्हणतात ओल्विदो. मावशीला स्पॅनिश येत नव्हती, पण हा शब्द येत होता. सरकारी दवाखान्याच्या खिडकीत, नोंदणीच्या खिडकीत, शाळेच्या दारात, तीस वर्षं तिनं तोच ऐकला होता. कार्ड आणायला ओल्विदो, तारखेला यायला ओल्विदो, नवऱ्याची सही घ्यायला ओल्विदो. प्रत्येक वेळी कागद त्यांचा हरवलेला असायचा आणि विसरलेली ती असायची. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला पुढं झोप लागली असती.

साहेबांनी लिहिलं, कागद पुढं केला. मावशीनं अंगठा शाईत टेकवला, कागदावर टेकवला आणि घागऱ्याला पुसला. "त्यास्नी इचार, सूप घेनार का," ती म्हणाली. ते मी बरोबर भाषांतर केलं. मला सोळा गुण मिळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार उचलली तर मावशी दारात उभी.

"नेलिदा, आदी पानी वळवायचं का आदी शेन? मला आठवंना."

मला वाटलं, खरंच विचारते आहे. "आधी पाणी, मावशी."

"बरं झालं तू हायस. न्हाईतर मी इसरते."

तेव्हा मला कळलं. मान खाली घालून मी पाटाकडं गेले. पण ते तिथं संपलं नाही. सुपात डाव घालून ती थांबायची. "मीठ टाकलं का गं मी?" कळप सोडताना, "ह्यातली चास्का कुठली? तूच दाव." झोपताना सातुर्निनोकडं बोट करून, "ह्यो माझाच ना? का शेजारनीचा आनला मी इसरून?" तोंडावर रेघ हलायची नाही. मी एकदा तरी म्हणायला हवं होतं, मावशी, बास करा, मी खोटं बोलले. पण म्हटलं तर ते साहेबांपर्यंत जाणार, आणि सोळा गुण डोळ्यांसमोर यायचे.

सातुर्निनोला काहीच माहीत नव्हतं. पहिले दोन दिवस तो हसला, तिसऱ्या दिवशी घाबरला. त्यानं शेजारणीकडून कसली पानं मागवली, उकळून बायकोला पाजली. ती पण तिनं मुकाट्यानं प्यायली. दारावरून जो जाईल त्याला तो हाक मारून सांगायचा, "बासिलियाचं डोस्कं चालंना झालंय बाबा. कालचं आज आठवत न्हाई." आठवड्याभरात सगळ्या चुयुपाम्पाला ठाऊक झालं.

मग फाउस्तो लायमे आला. मोटरसायकल बंद करून तो जरा वेळ हेल्मेटच फिरवत बसला. कमिटीचा एक पांढरा नर होता, जातिवंत, संस्थेकडून मिळालेला. पाळीपाळीनं प्रत्येक घरी एक हंगाम जायचा. ह्या वर्षी पाळी बासिलियाची होती. नऊ पांढऱ्या गेल्यावर कळप पुन्हा उभा करायला तिच्यापाशी तेवढी एकच वाट उरली होती.

"बासिलिया, वाईट वाटून घेऊ नगंस," फाउस्तो म्हणाला. "इंजिनिअरच्या कागदावर लिवलंय, घरमालकीन सूचना इसरती. आन सातुर्निनो बी सांगत असतो. कमिटीचा नर हाय. एक दिस कोंडवाड्याचं दार उघडं ऱ्हायलं तर? रविवारी सभेत नर तुझ्यामागं पाळी असलेल्या वाकाच्या घरी देऊ म्हनतोय. तुझी पाळी फुडं, चार वरसांनी."

चार वर्षांनी मावशी साठीची होणार होती.

मी तिच्याकडं बघितलं. आता ती बोलेल, मला पुढं ओढून उभं करेल. तिनं लोकर पिंजत पिंजत मान हलवली. "खरं हाय फाउस्तो. इसरते मी."

तो गेल्यावर मी तिच्या मागं कोंडवाड्यात गेले. "तुमी सांगितलं का न्हाई त्यास्नी?"

"काय सांगू?"

"काय झालं ते."

"कागदावर माझा अंगठा हाय," ती म्हणाली. "सही करनारा बोलू शकतो, मी असं लिवलं न्हवतं. अंगठावाल्याला काय लिवलं तेच ठाव नसतं, तर त्यो काय बोलनार?" मग तिनं दावं गुंडाळलं आणि मला म्हणाली, "रईवारी सभेला माझ्यासंगं चल. वाट इसरायची मी."

सभा शाळेच्या अंगणात होती. बायका जमिनीवर बसून टकळीवर सूत काढत होत्या, पुरुष भिंतीला टेकलेले, पांढरा नर खुंटाला बांधलेला आणि तेहादा साहेब कपाळ दाबत खुर्चीत. फाउस्तोनं कागद वाचला. नराचं नाव आलं, वाकाचं नाव आलं. सगळीकडं मानाच हलल्या. मला अगदी साधी गोष्ट आठवत होती, की सोळा हा आकडा मी आईला फोनवर तीनदा सांगितला होता.

मी उभी राहिले. केचुआमध्ये बोलले. लाल रंगाचं सांगितलं, ट्रकचं सांगितलं, दगडावर बसून मावशी काय बोलली ते सांगितलं आणि मी साहेबांना काय सांगितलं तेही सांगितलं. "मावशी कायबी इसरलेली न्हाई. मी खोटं बोलले."

टकळ्या थांबल्या. एक म्हातारी म्हणाली, "धा वरसं शाळा शिकली आन हे शिकली व्हय." कुणीतरी हसलं. सातुर्निनोला खेचरावर घालून आणलं होतं. तो तोंड उघडं टाकून बायकोकडं बघत होता. "म्हंजे ती पानं तू उगंच प्यालीस?" त्यानं विचारलं.

"कडू हुती," मावशी म्हणाली.

"काय म्हणाली ती?" साहेबांनी फाउस्तोला विचारलं. फाउस्तो सांगायला पुढं झाला.

"मी सांगते," मी म्हटलं. "शब्दाला शब्द." आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा स्पॅनिशमध्ये सांगितलं. केचुआत बोलताना मी रडले नव्हते. स्पॅनिशमध्ये 'ओल्विदो'पाशी आले आणि तो शब्द काही केल्या तोंडातून निघेना. तो मी तिसऱ्या खेपेला म्हटला.

साहेबांनी माझा कागद फाईलमधून काढला. सोळावर आडवी रेघ मारली आणि आठ लिहिले. "त्याच दिवशी खरं सांगितलं असतंस तर मी तेरा दिले असते," ते म्हणाले. "चूक कुणाचीही होते."

"ठाऊक आहे, साहेब."

नरावर हात वर करून मतं घेतली. वाकाच्या माणसांनी कुरकुर केली, पण हात बासिलियाच्या बाजूनं जास्त आले.

दवाखान्यातली जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. आई महिनाभर बाजारात त्या गल्लीनं गेली नाही. मला नोकरी लागायला पुढं तीन वर्षं लागली. आता तेहादा साहेबांच्या जागी मी आहे, आणि दर वर्षी वीस-बावीस मुलं डोंगरावर पाठवते. कागदावर घरच्या माणसाच्या म्हणण्याला पूर्वी दोन ओळी असायच्या, ते आता पानभर असतं. ते विद्यार्थ्यानं भाषांतर करायचं नाही, गावातलं दुसरं माणूस बोलवायचं, असा नियम मी घातला. मुलांना तो फार जाचक वाटतो. का घातला ते मी त्यांना सांगत नाही. सांगायला हवं.

त्या रविवारी सभेहून परतताना नराचा दोर मावशीच्या हातात होता. सातुर्निनो खेचरावरून पुढं गेला होता. नर अर्ध्या वाटेत पाय दुमडून खाली बसला आणि हलायला तयार होईना. आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. वारा इतका गार होता की डोळ्यांतून पाणी येत होतं.

"फुडल्या वरसी मला परत तीन महिने काढायचे हायत," मी म्हटलं. "तुमच्याच घराचं नाव लिवते. मी सगळं करीन. कुरनाचं, कळपाचं. तुमास्नी हात लावाया देनार न्हाई."

"माझ्याकडं नगं येऊस."

"राग गेला न्हाई?"

"राग हाय का न्हाई ते सोड. माझ्याकडं आलीस तर लाजंपायी राबशील. दोघींचं काम एकटी करशील, अर्ध्या पोटी उठशील, आन कायबी इचारनार न्हाईस. लाजलेलं मानूस इचारत न्हाई. आन तुझं-माझं जे वाटोळं झालं ते न इचारल्यानंच झालं." तिनं नराच्या पाठीवरून हात फिरवला. "दुसऱ्या घरी जा. जिथं तुला कुनी वळखत न्हाई. तिथं येड्यावानी इचार. दिसभर इचार. शिव्या देत्याल, पन इचार."

मी म्हटलं, "मग आता एक इचारू?"

"इचार."

"मला माफ केलंत?"

ती खरोखर विचार करू लागली. नर रवंथ करत होता. खालून खेचराच्या घंटेचा आवाज येत होता, तोही बंद झाला.

"खोटं बोललीस त्याचं केलं," ती म्हणाली. "त्या नऊ पांढऱ्यांचं न्हाई अजून."

मग तिनं दोराचं टोक माझ्या हातात दिलं, स्वतः नराच्या मागं गेली, आणि आम्ही त्याला उठवलं.